चेतातंतूंची वाढ आणि जनुके : पुण्यातील एका शोधनिबंधाचे समीक्षण

चेतापेशीतून निघालेला अक्षतंतू योग्य पेशीपर्यंत कसा पोहोचतो, या प्रश्नाला 'जनुकांच्या आज्ञेने' असे उत्तर अध्यापनात सहज दिले जाते. ते अपुरे आहे. पुण्यातील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील (आयसर) अर्णब घोष व सहकाऱ्यांचा 'डेव्हलपमेंट' या नियतकालिकात २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला शोधनिबंध या दृष्टीने अभ्यसनीय ठरतो.

अक्षतंतूच्या टोकाशी असणाऱ्या वृद्धिशंकूचे वर्णन रामोन इ काहाल यांनी १८९० मध्ये कोंबडीच्या गर्भावरून केले. या शंकूतून बोटांसारखे सूक्ष्म प्रवर्ध निघतात, आधारपृष्ठ चाचपतात, त्यास चिकटतात आणि ओढ निर्माण करतात. नेट्रिन, स्लिट यांसारखी प्रथिने दिशेचे संकेत देतात, हे पुढे १९९० च्या दशकात स्पष्ट झाले. परंतु संकेत मिळणे आणि पाऊल पुढे पडणे या भिन्न गोष्टी होत. प्रस्तुत निबंध दुसरीचा विचार करतो.

फॉर्मिन-२ हे प्रथिन प्रवर्धांतील ॲक्टिन तंतूंच्या जुडग्यांलगत आढळते. त्याचे प्रमाण घटविल्यावरही प्रवर्ध फुटतात, लांबतात. मात्र त्यांच्या टोकांची आधारावरील पकड दृढ होत नाही व पुरेशी ओढ निर्माण होत नाही. परिणामी शंकूची हालचाल मंदावते. कोंबडीच्या गर्भाच्या मेरुरज्जूत एका बाजूकडून दुसरीकडे जाणाऱ्या अक्षतंतूंची वाढ खुंटते, वाटही चुकते. निबंधाचे बळ या भेदात आहे : येथे जनुक वाट सांगत नाही, पकड देते.

तथापि, घटक कमी केल्यावर वाट चुकली, एवढ्यावरून तो घटक दिशा ठरवितो असे सिद्ध होत नाही. संकेत आणि पकड यांचा सांधा कसा जुळतो, हा प्रश्न उरतोच. याच जनुकातील दोषांचा बौद्धिक अक्षमतेशी संबंध २०१४ मध्ये मानवी अभ्यासात आढळला; तरीही सुटलेल्या पकडीपासून त्या अक्षमतेपर्यंत थेट रेषा ओढणे घाईचे ठरेल.

यवतसारख्या गावातून पुणे दूर नाही, आणि कोंबडीचा गर्भ प्राणिशास्त्राच्या अध्यापकांना परिचितच आहे. अवस्था ओळखून आकृती काढण्यापाशी प्रात्यक्षिक थांबले, तर जनुक म्हणजे नवा ललाटलेख, अशी समजूत घेऊन विद्यार्थी बाहेर पडेल. तो धोका टाळण्यास हा निबंध वर्गात उपयुक्त आहे.