‘अॅग्रिकोला’ : गौरवग्रंथातील दास्याचा विचार

चरित्रकार हा चरित्रनायकाचा आप्त असला म्हणजे त्याच्या लेखनाकडे वाचक साशंक दृष्टीने पाहतो. ही शंका रास्तही आहे. आप्तभावामुळे सामग्री जवळची मिळते, परंतु न्यायबुद्धी दुबळी होते, असा सर्वत्रचा अनुभव आहे. रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ.स. ९८ च्या सुमारास आपले सासरे ग्नेयस ज्युलियस अॅग्रिकोला यांचे चरित्र लिहिले, तेव्हा त्याने हा आप्तभाव मुळीच लपविला नाही. पितृतुल्य पुरुषाविषयीची भक्ती हेच या लेखनाचे निमित्त आहे, असे तो प्रारंभीच सांगून टाकतो. अवघ्या ४६ लहान प्रकरणांचा हा ग्रंथ त्यामुळे गौरवपर आहे, यात वाद नाही. तथापि गौरवाच्या या चौकटीत एका निराळ्याच विचाराचे सूत्र गुंफलेले आहे, आणि ते सूत्र ‘दास्य’ या एका शब्दाच्या आधाराने शोधता येते. ग्रंथाचे खरे मोल या सूत्रात आहे.

चरित्रनायकाचा जीवनक्रम थोडक्यात असा. अॅग्रिकोलाचा जन्म इ.स. ४० मध्ये दक्षिण गॉलमधील फोरम ज्युलाय या वसाहतीत झाला. त्याचा पिता ग्रीसिनस हा सिनेटचा सभासद होता. एका निरपराध माणसावर खटला चालविण्याचे नाकारल्यामुळे सम्राट कॅलिगुलाने त्याचा वध करविला. मुलाचे शिक्षण मासिलिया येथे झाले. तत्त्वज्ञानाची त्याची ओढ प्रमाणाबाहेर जाऊ लागताच आईने, ज्युलिया प्रोसिला हिने, ती आवरली. पुढे ब्रिटनमध्ये स्वेटोनियस पॉलिनस याच्या हाताखाली सैनिकी उमेदवारी, आशिया प्रांतात कोषाधिकाऱ्याचे पद, नीरोच्या राज्यात हेतुपुरस्सर पत्करलेली निष्क्रियता, इ.स. ६९ च्या यादवीत व्हेस्पेशियनचा पक्ष, विसाव्या पलटणीचे आधिपत्य, अॅक्विटेनियाचा कारभार आणि इ.स. ७७ मध्ये कॉन्सलपद, अशा क्रमाने तो चढत गेला. त्यानंतर ब्रिटनच्या प्रांताधिपतीचे पद त्याला मिळाले. तेथे त्याने सात मोहिमा केल्या. उत्तरेकडील माँस ग्राउपियसच्या लढाईत विजय मिळविल्यावर सम्राट डोमिशियनने त्याला परत बोलावले. इ.स. ९३ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, तो निवर्तला.

या क्रमात नाट्य फारसे नाही. नायकाचा मुख्य गुण म्हणजे संयम, आणि संयमी माणसाचे चरित्र लिहिणे हे लेखकाला नेहमीच अवघड जाते. टॅसिटसने ही अडचण एका प्रकारे सोडविली आहे. त्याने नायकाइतकेच लक्ष नायकाच्या काळावर केंद्रित केले. ग्रंथाच्या दुसऱ्याच प्रकरणात अरुलेनस रस्टिकस आणि हेरेनियस सेनेशियो यांचा उल्लेख येतो. थ्रासिया पीटस आणि हेल्व्हिडियस प्रिस्कस या स्वतंत्र वृत्तीच्या पुरुषांची स्तुती लिहिली म्हणून या दोघांना प्राण गमवावे लागले आणि त्यांचे ग्रंथ भर चौकात जाळण्यात आले. ज्या काळात चरित्र लिहिणे हाच देहदंडाचा अपराध ठरला होता, त्या काळाच्या लगेच नंतर हे चरित्र लिहिले जात आहे. येथेच दास्य हा शब्द प्रथम येतो, आणि तो खुद्द रोमन नागरिकांना उद्देशून येतो. पूर्वजांनी स्वातंत्र्याची परिसीमा पाहिली असेल तर आपल्या पिढीने दास्याची पाहिली, असा त्याचा आशय आहे. बोलण्याची व ऐकण्याची देवघेवही हेरगिरीने बंद पाडली होती, हे त्याचे गाऱ्हाणे आहे.

पुढे हा शब्द भेटतो तो एकविसाव्या प्रकरणात. विखुरलेल्या व लढाऊ ब्रिटन लोकांना विसाव्याची गोडी लागावी म्हणून अॅग्रिकोलाने मंदिरे, चौक व घरे बांधण्यास उत्तेजन दिले, सरदारपुत्रांना विद्या शिकविली. लॅटिन भाषेचा तिटकारा करणारे तिच्यातील वक्तृत्वाची हाव धरू लागले. टोगा वापरात आला. त्यामागून स्तंभयुक्त सज्जे, स्नानगृहे आणि मेजवान्या आल्या. वर्णन येथवर प्रशंसेचे आहे. मग शेवटच्या वाक्यात टॅसिटस एकाएकी वळतो आणि सांगतो की, अजाण लोक ज्याला संस्कृती समजत होते तो त्यांच्या दास्याचाच एक भाग होता. सासऱ्याच्या कर्तबगारीच्या वर्णनात जावयाने घातलेले हे वाक्य कोणत्याही गौरवग्रंथाच्या संकेतात बसणारे नाही.

या प्रकरणाचा हिंदुस्थानाशी प्रत्यक्ष संबंध आलेला आहे. इ.स. १८३८ मध्ये चार्ल्स ट्रिव्हेलियन याने हिंदी लोकांच्या शिक्षणावर जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात इंग्रजी शिक्षणाच्या पुरस्कारार्थ टॅसिटसच्या याच वर्णनाचा दाखला आहे. रोमने ब्रिटनच्या सरदारपुत्रांना जसे शिकविले, तसे इंग्लंडने हिंदी तरुणांना शिकवावे, म्हणजे शत्रू मित्र होतील, असा त्याचा युक्तिवाद होता. ट्रिव्हेलियनच्या निष्कर्षाचा शब्द मैत्री हा आहे. टॅसिटसच्या निष्कर्षाचा शब्द दास्य हा होता. एकाच उताऱ्यातून दोन वाचकांनी किती भिन्न अर्थ काढावेत याचे हे ठळक उदाहरण होय. परकीय विद्येचा लाभ आणि तिच्यामागील राजकीय हेतू या दोहोंचा एकदम विचार करणे भारतीय भाषांतील लेखकांना पुढे भाग पडले. टॅसिटसच्या त्या एका वाक्यात या विचाराची पूर्वछाया दिसते.

त्यानंतर दास्याचा उच्चार होतो तो शत्रूच्या मुखातून. माँस ग्राउपियसच्या लढाईपूर्वी कॅलेडोनियन नायक कॅल्गाकस याचे भाषण तीन प्रकरणांत दिलेले आहे. कॅल्गाकसचे नाव दुसऱ्या कोणत्याही प्राचीन ग्रंथात आढळत नाही, आणि भाषणाची घडण सर्वस्वी रोमन वक्तृत्वशाळेतील आहे. ते टॅसिटसनेच रचले हे उघड आहे. यावरून काही टीकाकार त्याला केवळ अलंकारिक अभ्यासपाठ मानतात. शत्रूला तेजस्वी भाषण दिल्याने विजेत्याचे महत्त्व वाढते, हा त्या परंपरेचा संकेत होता, हेही खरे. परंतु कॅल्गाकसचा मुख्य आरोप कोणता, हे पाहिले म्हणजे हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. रोमन लोक लुटीला राज्य म्हणतात आणि उजाड मुलखाला शांतता हे नाव देतात, असा तो आरोप आहे. साम्राज्याच्या व्यवहारात शब्द आणि वस्तू यांची फारकत झाली आहे, हे त्याचे सार. एकविसाव्या प्रकरणात स्वतः ग्रंथकाराने संस्कृती या शब्दाविषयी हेच म्हटलेले आहे. म्हणजे शत्रूचा आरोप आणि निवेदकाचे मत यांचा सूर जुळतो. याउलट अॅग्रिकोलाचे उत्तरादाखल दिलेले भाषण नीटनेटके असले तरी वाचकाच्या मनात रेंगाळत नाही. लढाईत शत्रूचे दहा हजार पडले आणि रोमनांचे ३६०, असा हिशेब टॅसिटस देतो. मात्र दुसऱ्या दिवशीच्या वर्णनात त्याची दृष्टी खिळते ती निर्जन टेकड्यांवर आणि दूरवर धुमसणाऱ्या घरांवर. कॅल्गाकसने वर्णिलेली ओसाडी तेथे प्रत्यक्ष उभी राहते.

विजयी सेनापती रोमला परतला तो रात्रीच्या वेळी, गाजावाजा न करता. डोमिशियनने त्याला उभ्या उभ्या भेट दिली आणि तो हुजऱ्यांच्या गर्दीत मिसळून गेला. पुढे आशिया किंवा आफ्रिका यांपैकी एका प्रांताचे अधिपत्य त्याच्या वाट्यास येण्याची वेळ आली, तेव्हा त्याने ते नाकारावे अशी व्यवस्था झाली, आणि त्याने ते नाकारलेही. मृत्युपत्रात त्याने पत्नी व कन्या यांच्याबरोबर सम्राटालाही वारस नेमले. सद्गुणी पिता दुष्ट सम्राटालाच वारस करतो, एवढे सम्राटाला उमगले नाही, अशी टॅसिटसची बोचरी टिप्पणी आहे. ब्रिटन सरदाराने टोगा चढवावा आणि रोमन सेनापतीने सम्राटाला वारस करावे, या दोन कृतींतील साम्य वाचकाच्या ध्यानात येते. जेत्यांच्या राजधानीतही जितांचेच शिष्टाचार चालू होते.

या ठिकाणी ग्रंथातील मुख्य विसंगती समोर येते. बेचाळिसाव्या प्रकरणात टॅसिटस म्हणतो की, दुष्ट राजाच्या अमलाखालीही माणूस थोर होऊ शकतो, आणि आज्ञापालन व संयम यांना उद्योगाची जोड मिळाली तर राष्ट्राला निरुपयोगी अशा दिखाऊ मरणापेक्षा ते श्रेयस्कर ठरतात. हा टोला थ्रासिया व हेल्व्हिडियस यांच्या परंपरेला आहे. परंतु दुसऱ्या प्रकरणात ज्यांच्या स्मृतीला त्याने वंदन केले ते याच परंपरेचे स्तुतिकार होते. मग त्याचे खरे मत कोणते? उत्तर पंचेचाळिसाव्या प्रकरणात आहे. धाकट्या हेल्व्हिडियसला तुरुंगात नेणारे हात आमचेच होते, असे तेथे तो सिनेटच्या वतीने कबूल करतो. टॅसिटस स्वतः डोमिशियनच्या अमदानीत, इ.स. ८८ मध्ये, प्रेटर झाला होता. सासऱ्याच्या संयमाचे समर्थन हे काही अंशी स्वतःच्या मौनाचे समर्थन आहे. ते त्याला पूर्णपणे पटलेले नाही, म्हणूनच कबुली टाळता आलेली नाही.

इतिहास म्हणून या चरित्राच्या मर्यादा पुरातत्त्वाने दाखवून दिल्या आहेत. कार्लाइल येथील रोमन किल्ल्याचे लाकूड इ.स. ७२-७३ च्या हिवाळ्यात तोडलेले असल्याचे वृक्षवलयांवरून ठरले. म्हणजे उत्तरेची वाट अॅग्रिकोलाच्या आधीच्या अधिकाऱ्यांनी उघडली होती, आणि त्यांचे श्रेय जावयाने आखडते घेतले. उलटपक्षी, स्कॉटलंडमधील इंचटथिल येथे इ.स. १९६० च्या सुमारास पुरून ठेवलेले सुमारे दहा टन रोमन खिळे सापडले. अर्धवट बांधलेली छावणी सोडून जाताना लोखंड शत्रूच्या हाती लागू नये म्हणून ते पुरले होते. ब्रिटन जिंकून लगेच हातचे जाऊ दिले, ही टॅसिटसची अन्य ग्रंथातील तक्रार अगदीच निराधार नव्हती. पण ज्या विजयाची फलश्रुती पुरलेल्या खिळ्यांत झाली, त्याच्या थोरवीवर हे चरित्र टिकून राहिलेले नाही.

ते टिकले ते त्यातील अंतर्गत साक्षीमुळे. गौरव करण्यास बसलेला लेखक नायकाच्या कर्तृत्वाची किंमत कोणी दिली हे सांगितल्यावाचून राहू शकला नाही, आणि त्या हिशेबातून त्याने स्वतःला वगळलेही नाही. अॅग्रिकोला हा कर्तबगार, निर्लोभी आणि सौम्य अधिकारी होता, याबद्दल ग्रंथ वाचून संशय राहत नाही. असा अधिकारी ज्या सत्तेची सेवा करतो, त्या सत्तेचे स्वरूप त्याच्या सौजन्याने बदलते काय, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो. टॅसिटसने त्याचे उत्तर दिलेले नाही. ते देण्याचा अधिकार आपल्याला उरलेला नाही, याची जाणीव त्याच्या प्रत्येक प्रकरणात आहे.