कॅम्बेलसाहेबांची भांग आणि जमलूचे गाव

भांगेला धर्माचे अधिष्ठान आहे, असे विधान आज जेथे जेथे ऐकू येते, तेथे त्याच्या मागे बहुधा एक जुना निबंध उभा असतो. बोलणाऱ्याला त्या निबंधाचे नाव ठाऊक असतेच असे नाही. परंतु त्यातील दाखले, त्यातील भाव आणि मुख्य म्हणजे त्यातील गल्लत या तिन्ही गोष्टी त्याच्यापर्यंत पोहोचलेल्या असतात. तो निबंध म्हणजे जे. एम. कॅम्बेल यांचा ‘ऑन द रिलिजन ऑफ हेम्प’. शिवमंदिराच्या छायेत वाढलेल्या वाचकाने तो एकदा चिकित्सक दृष्टीने वाचावा, असे वाटते. कारण त्यात ज्याच्या नावाने बोलले गेले आहे तो देव आपला आहे.

निबंधाची जन्मकथा थोडक्यात सांगितली पाहिजे. 1893 साली ब्रिटिश पार्लमेंटमध्ये हिंदुस्थानातील गांजा-भांगेविषयी प्रश्न निघाला आणि त्याच वर्षी सरकारने चौकशीसाठी सात सभासदांचे कमिशन नेमले. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष. सातांपैकी तीन सभासद हिंदी होते. 1193 साक्षीदारांच्या साक्षी नोंदवून कमिशनने 1894 साली अहवाल पुरा केला. माफक सेवनाने सर्वसाधारणपणे हानी होत नाही, अतिरेकाने होते, आणि सर्वस्वी बंदी ही अनावश्यक व अनुचित ठरेल, असा त्याचा एकंदर निष्कर्ष. कॅम्बेल यांचा निबंध या अहवालाला जोडलेल्या परिशिष्टांपैकी एक. कॅम्बेल तेव्हा मुंबईस जकात व अफू खात्याचे कलेक्टर होते. मराठी वाचकाला ते अधिक परिचित आहेत ते मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे संपादक म्हणून. आपल्या गावांचा, जातींचा, देवस्थानांचा इतिहास शोधताना त्या खंडांची पाने न उलटलेला अभ्यासक विरळाच.

निबंधाचे गुण प्रथम मान्य करू. परकी सत्तेचा एक अधिकारी, ज्या काळी त्याच्या देशातील धर्मप्रचारक हिंदूंच्या प्रत्येक आचारात पाप शोधीत होते त्या काळी, भांगेच्या पेल्याकडे आदराने पाहतो, ही गोष्ट लहान नव्हे. भांगेच्या पानात रक्षक देवता वसते ही श्रद्धा, तिच्या दर्शनाचा शुभशकुन, हलाहल पचविणाऱ्या महादेवाशी तिचे नाते, हे सारे तो सहानुभूतीने मांडतो. बंदी घातल्यास लोकांचे मन दुखावेल, हा त्याचा इशाराही शहाणपणाचा होता. लेखणीला डौल आहे. आणि खरे सांगायचे तर हा डौलच निबंधाला बाधला आहे.

दोष शीर्षकापासूनच सुरू होतो. ‘हेम्प’ या एका शब्दात आपल्याकडील तीन निराळ्या वस्तू बुडून जातात. भांग म्हणजे पान: वाटून, दुधात वा पाण्यात कालवून प्यावयाचे. गांजा म्हणजे मादी झाडाचे फुलोरे. चरस म्हणजे त्या फुलोऱ्यावरील चीक, झाडापासून वेगळा केलेला. या तिहींचे बळ निराळे, कष्ट निराळे, बाजार निराळा. महाशिवरात्रीच्या पेल्याचे पावित्र्य भांगेचे आहे. पण एकदा त्याला ‘हेम्पचा धर्म’ म्हटले, की तेच पावित्र्य चिलमीतील चरसापर्यंत पसरायला वेळ लागत नाही. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात सोम ज्यांत श्रेष्ठ अशा पाच वनस्पतींमध्ये भंगाचा उल्लेख येतो, हे खरे. भावप्रकाशात तिला विजया, मादिनी अशी नावे आहेत, हेही खरे. परंतु या नावांच्या आधाराने चिकाच्या गोळीला वेदांचा दाखला देणे हे तर्काला धरून नाही.

याच ठिकाणी एका जुन्या गोवेकराची आठवण करावीशी वाटते. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने वनौषधींवरील आपला संवादरूप ग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला. त्यात ‘बांग’ या वस्तूवर एक स्वतंत्र संवाद आहे. ऑर्ता देवतेविषयी बोलत नाही. तो पान कशात कुटतात, त्यात सुपारी, जायफळ, लवंग, कापूर यांपैकी काय मिसळतात, पिणाऱ्यास काय वाटते, हे विचारून घेतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, युरोपात दोरासाठी पेरतात ते झाड आणि हे झाड एक नव्हे, याचे बी लहान आणि खोडाला साल थोडी, हे तो स्वतः पाहून सांगतो. पुढे 1785 साली लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने हिंदुस्थानी झाडाला ‘कॅनाबिस इंडिका’ असे वेगळे नाव दिले. ऑर्त्याची नजर झाडावर होती; कॅम्बेलची झाडाभोवतीच्या प्रभेवर. म्हणूनच कॅम्बेलच्या निबंधात भक्त आहेत, साधू आहेत, देवता आहेत. नाही तो फक्त झाड लावणारा माणूस.

तो माणूस पाहायचा तर हिमालयाच्या उतारावर गेले पाहिजे. कुमाऊँ-गढवालपासून कुल्लूपर्यंत भांग रानोमाळ आपोआप उगवते आणि शेताच्या कडेला पेरलीही जाते. मैदानात गांजा पिकविणारा शेतकरी नर झाडे वेळीच उपटून टाकतो, म्हणजे मादीत बी धरत नाही व फुलोरा भरतो. पहाडातील परंपरागत शेतात नर झाडे राहतात. कारण तेथील घराला बी हवे असते आणि वाखही हवा असतो. भाजलेल्या बियांची चटणी कुमाऊँच्या जेवणात असते. तिच्यात नशा नाही. खोडाच्या सालीचा वाख काढून दोर वळतात, जाडेभरडे कापड विणतात. कुल्लूकडे या वाखाची पादत्राणे करतात, त्यांना पूला म्हणतात. जेथे चामडे नेता येत नाही, त्या देवळाच्या आवारात ती चालतात. भांगेचा धर्मच शोधायचा असेल, तर तो या पादत्राणांत अधिक प्रामाणिकपणे सापडतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये. कॅम्बेलच्या नजरेतून तेवढेच निसटले.

चरसाची गोष्ट याहून वेगळी. शरदात झाड पिकले, की उभ्या झाडाचे शेंडे दोन्ही तळव्यांत हलके मळायचे. तळव्यावर काळसर चिकट थर साचतो, तो खरवडून गोळी करायची. दिवसभर हात चालवूनही चांगल्या मालाचा तोळाभर पदरात पडला तर पुष्कळ. असा हातमळणीचा माल पहाडात जुनाच आहे. पण देशाच्या बाजारावर त्याचे राज्य होते, ही समजूत इतिहासाला धरून नाही. कमिशनच्या काळी उत्तर हिंदुस्थानात विकला जाणारा चरस मुख्यतः यारकंदहून काराकोरम ओलांडून लेहमार्गे पंजाबात उतरत असे; तो हाताने मळलेला नसे, वाळलेल्या झाडांची भुकटी झाडून-चाळून केलेला असे. 1930 नंतरच्या दशकात पलीकडच्या राजवटीने तो व्यापार थांबविला. म्हणजे ज्याला आज ‘हिमालयाची सनातन परंपरा’ म्हणतात, तिचा बराच भाग हा हिमालयापलीकडून आलेला सौदा होता.

आता जमलूचे गाव. कुल्लू जिल्ह्यात पार्वती नदीच्या खोऱ्याला मिळणाऱ्या एका दरीत, अडीच हजार मीटरांहून अधिक उंचीवर, मलाणा वसले आहे. त्याची कनाशी ही बोली आसपासच्या बोलींहून सर्वस्वी भिन्न. गावाचा न्यायनिवाडा गावाची सभा करते, आणि सभेच्या वर सत्ता देवाची. हा देव जमलू; त्याला जमदग्नी ऋषी मानतात. कोकण-गोमंतकाच्या वाचकाने येथे क्षणभर थांबावे. आपली भूमी परशुरामाची, आणि परशुराम हा जमदग्नीचा पुत्र. आपल्या पुराणकथेप्रमाणे मलाणा हे आपल्या आजोळाइतकेच जवळचे घर ठरते. त्या घराचे नाव आज जगात कशासाठी गाजते? ‘मलाणा क्रीम’ या चरसासाठी. 1970 नंतर परदेशी प्रवासी उन्हाळ्यात मनाली-पार्वतीच्या खोऱ्यात आणि थंडीत गोव्याच्या किनाऱ्यावर, असा फेरा सुरू झाला. त्याबरोबर मागणी वाढली, भाव वाढला, आणि घराच्या गरजेपुरते असलेले पीक विक्रीचे झाले. जमदग्नीचे गाव आणि परशुरामाची भूमी यांना जोडणारा नवा धागा निघाला तो हा!

या मागणीने नुकसान केवळ माणसांचे झाले नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्याच दरीत, त्याच थंडीत निवडत आलेले बी म्हणजे त्या दरीचे गावठी वाण. भांगेचे परागकण वाऱ्याने दूरवर जातात. परदेशातून आणलेले संकरित बी एका शेतात पेरले, तरी शेजारची शेते शुद्ध राहतीलच असे नाही. मॅकपार्टलँड आणि स्मॉल या अभ्यासकांनी 2020 साली दक्षिण व मध्य आशियातील भांगेच्या जुन्या वाणांचे व त्यांच्या रानटी भाईबंदांचे वर्गीकरण केले. हिमालयातील रानटी प्रकाराला त्यांनी ‘हिमालयेन्सिस’ या नावाखाली ठेवले, आणि संकरामुळे हे सारे वाण धोक्यात असल्याचेही नोंदविले. आंबेमोहोराचे बी हरवले तर आपण हळहळतो. वाख, बी आणि पान देणारे हे वाणही तसेच वारसा आहे.

येथे एक आक्षेप न्यायाने ऐकला पाहिजे. पशुपतिनाथाच्या प्रांगणात महाशिवरात्रीला साधू चिलीम ओढतात, ती परंपरा नव्हे काय? आहे. पण संन्याशाने संसारासह सर्व त्यागले आहे. त्याच्या आचारातून गृहस्थाला परवाना मिळत नाही, आणि व्यापाऱ्याला तर मुळीच नाही. उज्जैनला महाकालाचा भांगेचा शृंगार होतो, तोही देवाचा शृंगार आहे. आमच्या मंगेशी-नागेशीला अभिषेक, बेल आणि पालखी यांनी शिवरात्र पुरी होते. म्हणून तेथील भक्ती काही उणी पडत नाही. तिथी, प्रमाण आणि देवाचा उंबरठा, या तीन मर्यादांनी भांगेला प्रसाद केले. त्या काढून घेतल्या, तर उरते ते केवळ मादक द्रव्य.

आश्चर्य असे, की जो भेद कॅम्बेलच्या शीर्षकाने पुसला, तो कायद्याने राखला आहे. 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्यात चरस व गांजा यांना बंदी आहे. फुलोऱ्याशिवायचे पान व बी मात्र त्या व्याख्येबाहेर आहे, आणि ते राज्यांच्या नियमांवर सोपविले आहे. वाख व बियांसाठी लागवडीस परवानगी देण्याची वाटही त्याच कायद्यात आहे; उत्तराखंडाने 2018 साली तसा पहिला परवाना दिला आणि हिमाचलाच्या विधानसभेने 2024 साली औषधी व औद्योगिक लागवडीच्या बाजूने ठराव केला. या योजनांत परकी संकरित बी येते की दरीतले जुने वाण मानाने पेरले जाते, यावर पुष्कळ अवलंबून राहील. पेरणाऱ्या पहाडी माणसाला मात्र तुरुंग आणि दलाल या दोहोंमधून वाट काढावी लागते. किलोहून अधिक चरस सापडला तर किमान दहा वर्षांची शिक्षा आहे, आणि ती भोगणारा बहुधा दरीतलाच असतो, नफा खाणारा नव्हे.

कॅम्बेल यांनी वाईट हेतूने काही लिहिले नाही. त्यांनी आमच्या श्रद्धेची बाजू मांडली, पण ती मांडताना श्रद्धेच्या मर्यादा गाळल्या. आणि आम्ही ती स्तुती आवडीने स्वीकारली, मर्यादा विसरलो. महादेवाने विष प्यायले ते जगाला प्यावे लागू नये म्हणून. त्या कंठाची खूण दाखवून कोणी चरसाची गोळी विकू लागला, तर त्याला प्रथम अडविण्याचे काम पोलिसांचे नव्हे. देवळाच्या पायरीवर बसणाऱ्या आपणा सर्वांचे आहे.