ठिपक्यांच्या आडची गोष्ट

सिडनीला आल्यानंतरच्या पहिल्याच भारतवारीत मी पुण्याच्या नातेवाइकांसाठी ठिपक्याठिपक्यांचे टी-कोस्टर्स नेले होते. "ॲबोरिजिनल आर्ट आहे बरं का!" अशी जाहिरातही केली. मावशीने एक कोस्टर उलटा करून पाहिला, तर मागे 'मेड इन'च्या पुढे भलत्याच देशाचं नाव! सगळे हसले, मीही हसले. पण नंतर मावशीने साधा प्रश्न विचारला, "अगं, पण या ठिपक्यांचा अर्थ काय?" आणि माझी बोलती बंद झाली.

उत्तराची सुरुवात झाली ती काही वर्षांनी, कॅनबेरात. निमित्त फ्लोरिएडचं. ट्यूलिप्स बघून मुलं कंटाळली, पाऊस भुरभुरायला लागला, म्हणून आम्ही नॅशनल गॅलरीत शिरलो. तिथे क्लिफर्ड पॉसम जापालजारी यांचं 'वार्लुगुलाँग' (१९७७) हे चित्र समोर आलं आणि माझे पाय थबकले.

दोन मीटर उंच आणि जवळजवळ साडेतीन मीटर रुंद असा हा कॅनव्हास. माणसं जवळजवळ नाहीतच, आहेत त्या पाऊलखुणा. एमूच्या, पॉसमच्या, माला नावाच्या छोट्या वॉलबीच्या. यारापिरी या महासर्पाची वळणंही आहेत. सगळं आकाशातून खाली पाहिल्यासारखं. मधोमध आगीचा स्फोट आणि उजवीकडे दोन माणसांचे सांगाडे.

गोष्ट अशी आहे. लुंगकाटा हा निळ्या जिभेच्या सरड्याच्या वंशाचा पूर्वज. (याच सरड्याचा भाऊबंद आपल्या सिडनीतल्या परसात ऊन खात पडलेला असतो.) त्याच्या दोन मुलांनी कांगारू मारला आणि बापाला वाटा न देता सगळा फस्त केला. संतापलेल्या लुंगकाटाने वार्लुगुलाँग या ठिकाणी आग लावली. ॲलिस स्प्रिंग्जच्या वायव्येला सुमारे तीनशे किलोमीटरवर ही जागा आहे. वणवा मुलांच्या मागे लागला आणि दोघंही त्यात संपले.

माझ्या मुलीने लगेच विचारलं, "एवढ्याशा गोष्टीसाठी बाबाने मुलांना जाळलं?" मी आईच्या थाटात उत्तर दिलं, "म्हणून वाटून खावं!" इसापनीतीसारखं तात्पर्य काढलं आणि पुढे निघाले. आज वाटतं, तिचा प्रश्न खरा होता आणि माझं उत्तर कोस्टरच्या दर्जाचं.

कारण वाळवंटात शिकारीचा वाटा हा शिष्टाचार नसतो, तो कायदा असतो. कुठला भाग कोणाचा हे नात्याने ठरतं, आणि त्यावर माणसं जगतात. आणि 'ड्रीमिंग' या शब्दाचा झोपेतल्या स्वप्नाशी संबंध नाही. पूर्वज या भूमीवरून चालत गेले, त्यांच्या कृतींतून डोंगर, पाणवठे आणि नियम तयार झाले, आणि ते आजही लागू आहेत, असा तो अर्थ आहे. म्हणजे ही गोष्ट 'कोणे एके काळी' घडून संपलेली नाही. ती त्या जागेत आहे.

या चित्रात अशा नऊ गोष्टी आहेत. त्या कोणीही उठून रंगवाव्यात असं नाही. आईवडिलांच्या घराण्यातून त्या गोष्टीचा आणि त्या भूमीचा हक्क यावा लागतो. मला तर हे चित्र म्हणजे सातबाराचा उतारा वाटतो. ही नुसती उपमा नव्हे. १९७६ साली नॉर्दर्न टेरिटरीसाठी भूमिहक्काचा कायदा झाला. त्यात दावा सांगताना जमिनीतल्या पवित्र स्थळांशी आपलं नातं दाखवावं लागे. हे चित्र त्याच्या पुढच्याच वर्षीचं आहे.

क्लिफर्ड पॉसम अनमॅजेरा समाजाचे. नॅपरबीच्या गुरांच्या रानात जन्मले, गुराखी म्हणून राबले, लाकडावर कोरीव काम करायचे. १९७१ मध्ये पापुन्याच्या शाळेतले शिक्षक जेफ्री बार्डन यांनी तिथल्या प्रौढ पुरुषांना रंग दिले आणि पुढच्या वर्षी पॉसम त्यांच्यात सामील झाले. त्याच दशकात आपल्याकडे भास्कर कुलकर्णींनी वारल्यांच्या हाती कागद दिला आणि जिव्या सोमा मशे जगासमोर आले. त्यामुळे "हे आपल्या वारलीसारखंच!" असं म्हणण्याचा मोह होतो. पण वारली चित्रात तारपा वाजतो, माणसं नाचताना दिसतात. इथे चालणारा निघून गेलेला असतो, उरते ती त्याची वाट. शिवाय सुरुवातीच्या चित्रांत गुप्त विधींच्या खुणा उघड झाल्या म्हणून जाणत्यांनी आक्षेप घेतला, आणि पुढे ठिपक्यांनी झाकायचंही काम केलं. मावशी, हे घे तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर. अर्थ सांगण्याइतकाच तो राखण्यासाठीही ठिपका असतो.

म्हणूनच शेजारी लावलेली पाटी वाचून "कळलं!" म्हणणाऱ्यांबद्दल, म्हणजे माझ्याबद्दलच, माझी तक्रार आहे. पाटी नऊपैकी एक गोष्ट सांगते, चित्र त्या सगळ्या एकमेकींतून चालवतं. त्यांची सगळीच चित्रं या तोडीची नाहीत, हेही सांगायला हवं. पुढे मागणी वाढली तशी काहींत नुसती सफाई उरली, असं माझं मत. शिवाय त्यांच्या नावावर नकली चित्रंही विकली गेली. १९९९ मध्ये त्यांनी स्वतः ती ओळखून दाखवली.

'वार्लुगुलाँग' १९७७ मध्ये एका बँकेने १,२०० डॉलरला घेतलं आणि ते तिच्या प्रशिक्षण केंद्राच्या कँटीनमध्ये टांगलेलं होतं! २००७ च्या लिलावात नॅशनल गॅलरीने त्यासाठी २४ लाख डॉलर मोजले. पॉसम तोवर हयात नव्हते. ज्या दिवशी त्यांना 'ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया' प्रदान व्हायचा होता त्याच दिवशी, २१ जून २००२ ला, ते गेले. पुनर्विक्रीतला पाच टक्के वाटा कलावंताला किंवा त्याच्या वारसांना देणारा कायदा लागू झाला तो २०१० मध्ये. वाटा न देणाऱ्या मुलांची गोष्ट सांगणाऱ्या चित्राचं हे असं झालं. तेव्हा मुलीचा प्रश्न मला पुन्हा आठवला.

याच नावाचं, १९७६ चं, टिम लिउरा जापालजारींबरोबर रंगवलेलं चित्र आपल्या सिडनीच्या आर्ट गॅलरीच्या संग्रहात आहे. ते मांडलेलं असेल तेव्हा मुलांना घेऊन जरूर जा. आधी चित्र बघा, मग पाटी वाचा. आणि मुलांनी अवघड प्रश्न विचारला तर तात्पर्य सांगायची घाई करू नका.

मावशीकडे ते कोस्टर्स अजून आहेत. पुढच्या वारीत चहा त्यांच्यावरच मिळेल, पण या वेळी मला तिला बरंच काही सांगायचंय.