मुकी तबकडी

समीक्षक निःपक्षपाती असावा म्हणतात. पण भाच्याच्या टर्नटेबलांसाठी ताईच्या पाटल्या आमच्याच शाखेत तारण पडल्यात. तेव्हा निलंग्यातल्या एका हळदीला त्याचा डीजे म्हणून झालेला पहिला प्रयोग मी जीव मुठीत धरून ऐकला.

“तबकडीवर गाणं कोणतं रे?”

“गाणं नसतंय मामा. नुसता खुणेचा सूर. सुई तो वाचती, गाणं लॅपटॉप वाजवतंय.”

२००४ साली बाजारात आलेल्या ‘सेराटो स्क्रॅच लाईव्ह’नं रुळवलेली ही युक्ती मला लगेच समजली : तबकडी हे पासबुक, रक्कम लेजरात!

तालीम महिनाभर झाली, पण घरच्या दगडी ओट्यावर. मांडवात होत्या फळ्या, अन् शेजारी आडदांड स्पीकर. पहिल्याच ठोक्याला फळ्या हादरल्या, सुई उडाली, नवरदेवाचे काका हात वर करून तसेच थिजले. पोरानं थेट लॅपटॉपवरून गाणं चालू ठेवलं. तेवढ्यात गोधडीवर शहाबादी फरशी अन् फरशीवर टर्नटेबल मांडली. हादरे गोधडीनं गिळले.

दोष एकच : नजर सारखी पडद्यावर. बाबा रे, लेजर बघ, पण काउंटरपलीकडच्या माणसाकडंही बघ!

बाकी, सुई घाबरली. पोरगं घाबरलं नाही. काकांनी तिथंच दुसरी सुपारी दिली. पाटल्यांचं व्याज तरी सुटलं.