राजकोटचा पुतळा आणि बेटावरची मूर्ती

मालवणच्या राजकोट किल्ल्यातील शिवछत्रपतींच्या पुतळ्याविषयी बोलू लागले की बोलणे लगेच फुटांवर येते. ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदलदिनी, तेथे उभा राहिलेला पुतळा सुमारे ३५ फुटांचा होता. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला, आणि दोनच दिवसांनी त्याच किल्ल्यात दोन राजकीय पक्षांचे कार्यकर्ते एकमेकांना भिडले. पुढे राम सुतार यांच्या कार्यशाळेत घडलेला, हाती तलवार घेतलेला ६० फुटी पुतळा तेथे आला. ११ मे २०२५ रोजी त्याचे अनावरण झाले. गंज, जोडकाम, आतला सांगाडा यांची चौकशी झाली, ती व्हायलाच हवी होती. परंतु मालवणच्या माणसाला आपला राजा कसा दिसावासा वाटतो, हा प्रश्न दोन्ही वेळा कुणी गंभीरपणे विचारल्याचे मला दिसले नाही. नवा पुतळा रेखीव आहे, भक्कमही असेल. पण तो उचलून दुसऱ्या कोणत्याही शहराच्या चौकात ठेवला, तर त्याचे काहीच बिघडणार नाही. माझी तक्रार नेमकी ही आहे.

समोरच्या कुरटे बेटावर, सिंधुदुर्गात, राजाराम महाराजांनी १६९५ साली बांधविलेले शिवराजेश्वराचे मंदिर आहे. आतली मूर्ती बैठी. दाढी नाही, डोक्याला जिरेटोप नाही. आहे ती दर्यावर्दी माणसाच्या घाटाची टोपी. हुबेहूबपणाच्या परीक्षेत ही मूर्ती पहिल्या फेरीतच बाद होईल! तीही राजाज्ञेनेच झाली, हे खरे. पण घडविणाऱ्याने राजाला किनाऱ्यावरच्या माणसांत आणून बसविले, आणि तिच्या रूपावरून मालवणात कधी भांडण झाल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

लोकांना विचारून कला होत नाही, चौघांच्या मताने चित्र पुसट होते, असे आमचे शहरी मित्र म्हणतात. त्यांनी एखाद्या जत्रेत रात्रभर दशावतार पाहावा. लिहिलेली संहिता नाही, समोर सारा गाव. तरी संकासुराच्या बोलण्याला कशी धार असते! कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथीच्या पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. परशुराम गंगावणे यांनी तर गुरांच्या गोठ्यात त्यांचे संग्रहालय थाटले. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या चित्रांतले मोठ्या डोळ्यांचे योद्धे पाहावेत. त्यांना उंचीची गरजच पडत नाही.

पुतळा आता उभा आहे. तो हलवा, असे मी म्हणत नाही. पण त्याच्या भोवतालच्या भिंती तरी पिंगुळीच्या चित्रकारांना, गाबितांना आणि होड्या बांधणाऱ्या सुतारांना मिळून रंगवू द्याव्यात. तांडेल, गुराबा, गलबते, तटासाठी चुना मळणारे हात हे सारे त्यांत येऊ द्यावे. कच्ची चित्रे आधी दांडीच्या किनाऱ्यावर, रापण ओढतात तेथे, महिनाभर टांगून ठेवावीत. गलबताचे शीड चुकीच्या बाजूला फुगले असेल, तर पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हातारा ते सांगेल.