पिणारा पडद्याबाहेर

१९१९ साली दारूच्या विरोधात दोन गोष्टी घडल्या, एक अमेरिकेत आणि एक आपल्याकडे. जानेवारीत अमेरिकेच्या राज्यघटनेतली अठरावी दुरुस्ती मंजूर झाली आणि बरोबर वर्षभराने, १७ जानेवारी १९२० पासून, त्या अख्ख्या देशात दारू गाळणं, विकणं आणि वाहून नेणं बेकायदा ठरलं. आणि १९१९ मध्येच ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं. ते बघायला नाटककार गडकरी स्वतः उरले नव्हते. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, पण अमेरिकन दारूबंदीवरचे चित्रपट बघताना मला दर वेळी गडकरी आठवतात. आपल्याला दारूचं नाटक म्हटलं की सुधाकर दिसतो, सिंधू दिसते, फार तर आर्य मदिरा मंडळासकट तळीराम दिसतो. दारू विकणारा कोण होता, त्याने किती कमावले, हे कुणी विचारत नाही. हॉलिवूडच्या या चित्रपटांत सगळं उफराटं आहे. शंभर वर्षं तिथे दारू विकणाऱ्याची गोष्ट चाललेली आहे आणि पिणाऱ्याला दारातच थोपवून धरलंय.

तो कधी थांबवला गेला हे जवळजवळ वर्षासकट सांगता येतं. १९३१. त्या वर्षी डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा ‘द स्ट्रगल’ आला. बेकायदा दारूच्या नादी लागलेला एक गिरणी कामगार, त्याचा मोडत चाललेला संसार. ग्रिफिथला हा विषय नवा नव्हता. १९०९ सालीच त्याने ‘अ ड्रंकार्ड्स रिफॉर्मेशन’ नावाचा छोटा चित्रपट केला होता, त्यात दारुडा बाप मुलीला घेऊन नाटकाला जातो आणि रंगमंचावरचा दारुडा बघून सुधारतो. ‘द स्ट्रगल’ मात्र सपशेल आपटला आणि मूकपटांच्या त्या सम्राटाचा तो शेवटचा चित्रपट ठरला. त्याच वर्षी ‘लिटल सीझर’ आणि ‘द पब्लिक एनिमी’ धो धो चालले. सुधाकर हरला आणि ‘द पब्लिक एनिमी’चा नायक टॉम पॉवर्स जिंकला, असं म्हणायला हरकत नाही.

या पहिल्या पिढीतला ‘द पब्लिक एनिमी’ मला अजूनही सगळ्यांत जिवंत वाटतो. त्यातल्या ज्या दृश्याची नेहमी चर्चा होते, म्हणजे जेम्स कॅग्नी न्याहारीच्या टेबलावर मे क्लार्कच्या तोंडावर अर्धं ग्रेपफ्रूट दाबतो ते, त्याच्यामुळे नव्हे. विल्यम वेलमन हा चित्रपट बिअरच्या बादल्यांनी सुरू करतो. १९०९ मधलं शिकागो, रस्त्याने बादल्या वाहणारी माणसं, आणि पोरवयातला टॉम वाटेतच बादलीतून घोट घेतोय. पुढे दारूबंदी लागू होण्याच्या आदल्या रात्रीचं दृश्य येतं. दुकानातला माल संपवायला गर्दी उसळलीय, फुलवाल्याच्या गाडीतली फुलं रस्त्यावर फेकून तिथे खोकी भरली जातायत, बाबागाडीतही बाटल्या आहेत. एक शहर एका रात्रीत कायद्याच्या पलीकडे कसं गेलं ते हा दिग्दर्शक दोन-तीन मिनिटांत दाखवतो, आणि तेही गर्दीच्या बाजूला उभा राहून. पिणारी सामान्य माणसं पडद्यावर इतक्या हौसेने पुन्हा क्वचितच आली. मग टॉम सरकारी गोदामातली व्हिस्की नळीने पेट्रोलच्या टँकरमध्ये ओढून घेतो आणि तिथून पुढे चित्रपट विकणाऱ्यांचा होतो. पण आईच्या घरी जेवणाच्या टेबलावर मधोमध बिअरचं पिंप ठेवलंय, समोरच्या माणसाचं तोंडही दिसत नाही, आणि युद्धावरून परतलेला थोरला भाऊ त्याला हात लावायला तयार नाही, हे दृश्य काही टॉमचा पाठलाग सोडत नाही.

त्यानंतर पिणारा असा गायब का झाला? एक कारण खुद्द कायद्यात आहे. अठराव्या दुरुस्तीने आणि तिच्या पाठोपाठच्या व्होल्स्टेड कायद्याने दारू पिणं हा गुन्हा ठरवलाच नव्हता. घरात आधीचा साठा असेल तर खुशाल प्या. डॉक्टरने चिठ्ठी दिली तर औषधाच्या दुकानातून व्हिस्की आणा. पोलीस पिणाऱ्याच्या मागे नव्हते, त्यामुळे पटकथालेखकही नव्हता. दुसरं कारण हॉलिवूडच्या स्वतःच्या आचारसंहितेत सापडतं. १९३० च्या हेज संहितेने सांगितलं की कथेची किंवा पात्राची गरज नसेल तर मद्यपान दाखवू नये, आणि गुन्हा कसा करतात हेही तपशिलाने दाखवू नये. जुलै १९३४ पासून जोसेफ ब्रीनने हे नियम काटेकोर राबवले. प्यायचं दाखवायचं नाही, गाळायचं दाखवायचं नाही. मग उरलं काय? सूट, गाड्या आणि टॉमी गन. गुन्हेगारीपटाची जी शैली म्हणून आपण वाखाणतो तिचा बराचसा भाग असा कातरीने घडलेला आहे. हॉवर्ड हॉक्सचा ‘स्कारफेस’ (१९३२) ती संहिता काटेकोर राबवली जाण्याआधीच्या धुमश्चक्रीत अडकला, त्याला ‘राष्ट्राची लाज’ असं उपशीर्षक चिकटवावं लागलं आणि शेवटही वेगळा चित्रित करावा लागला. प्रत्येक खुनाशेजारी कुठे ना कुठे फुलीची खूण ठेवण्याची त्याची खोडी आजही नजर शोधत राहते. दारू मात्र त्यात फक्त खोक्यांत असते.

‘द अनटचेबल्स’बद्दल मी थोडक्यातच लिहिणार. १९५९ ते १९६३ ची दूरचित्रवाणी मालिका असो की ब्रायन डी पाल्माचा १९८७ चा चित्रपट, दारूबंदी अधिकारी एलियट नेसची प्रतिमा दोन्हींत इस्त्री केलेली आहे. त्याने ज्याचा पिच्छा पुरवला त्या टोळीप्रमुख कॅपोनला १९३१ मध्ये अकरा वर्षांची शिक्षा झाली ती प्राप्तिकर चुकवल्याबद्दल, आणि बेकायदा उत्पन्नावरही कर लागतो हा सर्वोच्च न्यायालयाचा १९२७ चा निकाल नसता तर तीही झाली नसती. या हिशेबाच्या वह्यांपेक्षा रेल्वे स्थानकाच्या जिन्यावरून घरंगळणारी बाबागाडी डी पाल्माला जास्त प्रिय आहे, आणि तो प्रसंग त्याने आयझेनस्टाइनकडून आणला हेही तो लपवत नाही. तरी त्यातली एक गोष्ट मी जपून ठेवली आहे. नेसचा पहिला छापा. वाजतगाजत दारं फोडली जातात, खोकं उघडलं जातं आणि आतून निघते जपानी छत्री. या साऱ्या चित्रप्रकाराचं इतकं नेमकं चित्र डी पाल्माच्याही मनात नसेल.

दारू खरी दिसते ती विनोदात. बिली वाइल्डरच्या ‘सम लाइक इट हॉट’ची (१९५९) सुरुवात आठवा. शववाहिकेवर गोळीबार होतो आणि शवपेटीला पडलेल्या भोकांतून दारूच्या धारा लागतात. त्या गाडीच्या मागावर आपण अंत्यसंस्काराच्या दुकानात शिरतो तर आत चोरटा बार, आणि तिथे व्हिस्की मागायची ती कॉफीचं नाव घेऊन. लोक कपातून पितात, हसतात, नाचतात. वाइल्डरने त्यांना गुन्हेगारही केलं नाही आणि बळीही केलं नाही. या चित्रपटांना शवपेटीचं काय वेड आहे कोण जाणे. सर्जिओ लिओनेच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन अमेरिका’त (१९८४) दारूबंदी उठते तेव्हा शवपेटीच्या आकाराचा केक कापला जातो, आणि ‘बोर्डवॉक एम्पायर’मध्येही भेसळीचा कारखाना चालतो तो अंत्यसंस्काराच्या व्यवसायाआडच. लिओनेच्या त्या केकपेक्षा मला मोलाची वाटते ती त्याच्या पोरांची युक्ती. गस्तीनौका आली की तस्कर माल पाण्यात टाकून देतात, मग तो परत मिळवायचा कसा? पोरं खोक्यांना मिठाचं वजन बांधायला सांगतात. मीठ हळूहळू विरघळतं, आणि थोड्या वेळाने तरंगणारी खूण अलगद वर येते. नदीकडे डोळे लावून बसलेली ती चार-पाच पोरं आणि खूण दिसल्यावरचा त्यांचा जल्लोष: धंदा म्हणजे काय हे कळायला दुसरं दृश्य नको. अमेरिकेत हा चित्रपट पहिल्यांदा प्रदर्शित झाला तो युरोपातल्या २२९ मिनिटांवरून १३९ मिनिटांवर आणून, काळाची सगळी उलटसुलट वीण सरळ करून. हेही एक भेसळीचंच काम.

आणि मग ‘बोर्डवॉक एम्पायर’ (२०१० ते २०१४). छप्पन भाग, अटलांटिक सिटीचा लाकडी पदपथ नव्याने उभारलेला, पहिला भाग खुद्द मार्टिन स्कॉर्सेसीचा. दारूबंदीवर यापेक्षा मोठं काम पडद्यावर झालेलं नाही. शहराचा कारभारी नकी थॉम्पसन मद्यनिषेध करणाऱ्या बायकांच्या सभेत बालपणीची रडकथा सांगून सगळ्यांचे डोळे ओले करतो आणि तिथून थेट जातो तो दारूच्या मेजवानीला. त्या सभेत मार्गारेट बसलेली आहे. गरोदर, नवरा दारुडा, मारकुटा. मराठी प्रेक्षकाने इथे सावरून बसावं, कारण ही आपली सिंधू आहे. तिचा गर्भ पडतो. नकी तिच्या नवऱ्याला संपवतो, एका दरोड्याचा आळही त्याच्यावरच घालतो, आणि पहिला भाग संपता संपता त्याचं प्रेत कोळ्यांच्या जाळ्यात वर येतं. म्हणजे पिणारा एका भागात खलास आणि उरलेले पंचावन्न भाग विकणाऱ्याचे. मालिकेच्या लेखकांना ही अदलाबदल पुरती ठाऊक आहे असं मला वाटतं. मार्गारेट पुढे दारूच्याच पैशावर नकीच्या घरात राहते आणि तिच्या मनातली टोचणी हाच मालिकेचा सर्वांत चांगला धागा आहे. पण तो धागा दर वेळी कुठल्या तरी टोळीच्या बैठकीसाठी अर्ध्यावर सोडला जातो. कोण कुणाला माल पुरवणार, कोण फितूर, कोण मेला. तिसऱ्या हंगामानंतर मला त्यात शेअर बाजाराच्या बातम्यांचा भास व्हायला लागला.

जे पडद्यावर आलंच नाही त्याची मला अधिक हळहळ वाटते. औद्योगिक अल्कोहोल कुणी पिऊ नये म्हणून सरकारच्या हुकमाने त्यात विष मिसळलं जायचं आणि ते पिऊन माणसं मरायची. न्यूयॉर्कचे मुख्य शवचिकित्सक चार्ल्स नॉरिस यांनी त्यावर जाहीर टीका केली. १९३० मध्ये ‘जेक’ नावाच्या आल्याच्या अर्कात घातलेल्या रसायनाने हजारो गरीब माणसांचे पाय कायमचे लुळे पडले. त्या वेळच्या दक्षिणेतल्या ब्लूज गायकांनी त्यावर गाणी रचली, तबकड्या काढल्या. हॉलिवूडने त्या फरफटत चालणाऱ्या माणसाला नायक केलं नाही. केन बर्न्स आणि लिन नोविक यांच्या ‘प्रोहिबिशन’ (२०११) या तीन भागांच्या माहितीपटाने निदान मद्यनिषेध चळवळीतल्या बायकांना आणि त्यांच्या रागाच्या कारणांना जागा दिली. जॉन हिलकोटच्या ‘लॉलेस’मध्ये (२०१२) व्हर्जिनियाच्या डोंगरातल्या भट्ट्या आहेत, त्या बांधणारा लंगडा पोरगा आहे, काचेच्या बरण्या आहेत. दारू कुणाच्या तरी हातांनी तयार होते हे तिथे कळतं. बेन अ‍ॅफ्लेकच्या ‘लिव्ह बाय नाइट’मध्ये (२०१६) ते कळत नाही. तिथे फक्त टोप्या सुंदर आहेत. मागच्या दहा-बारा वर्षांतली बहुतेक दारूबंदी अशी कपडेपटात जमा झालीय, आणि तीच बघून आपल्या शहरांतही चोरट्या बाराची सजावट केलेले, रीतसर परवाना घेतलेले बार निघालेत.

आपल्याकडे हा काळ आयता होता. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, मोरारजींचा कडक अंमल, हातभट्ट्या, वांद्र्यापासून धोबी तलावापर्यंतच्या आंट्यांचे अड्डे, प्रकृतीच्या कारणाने काढलेले परवाने. वरदराजन मुदलियारचं साम्राज्य हातभट्टीवर उभं राहिलं, पण त्याच्यावरून सुचलेल्या मणिरत्नमच्या ‘नायकन’मध्ये (१९८७) मोठे प्रसंग येतात ते समुद्रावरच्या तस्करीचे. राहुल ढोलकियाच्या ‘रईस’मध्ये (२०१७) गुजरातची दारूबंदी आहे, दप्तरातून बाटल्या नेणारा पोरगाही आहे, आणि तो सुरुवातीचा भाग चांगलाच जमलाय. पण २००९ मध्ये अहमदाबादेत विषारी दारूने शंभरावर बळी घेतले, तसल्या घरात कॅमेरा काही शिरत नाही. आंटीच्या खोलीत, पडद्यामागे पोरांचा अभ्यास आणि पडद्यापुढे गिऱ्हाइकांचे पेले, असा एखादा चित्रपट मराठीत का होऊ नये, हे मला अजून उमगलेलं नाही.

अनुराग कश्यपच्या ‘बॉम्बे व्हेल्वेट’मध्ये (२०१५) तर हा काळ होता, ते शहर होतं आणि समोर अमेरिकन नमुनाही होता. त्याचा नायक जॉनी बलराज चित्रपटगृहात ‘द रोअरिंग ट्वेंटीज’ बघतो आणि कॅग्नीचा चर्चच्या पायऱ्यांवरचा मृत्यू बघून ‘बिग शॉट’ व्हायचं ठरवतो. राउल वॉल्शच्या १९३९ च्या त्या चित्रपटाचा नायक एडी हा युद्धावरून परतलेला बेकार टॅक्सीवाला. दारू पोचवण्याच्या धंद्यात तो शिरतो तेव्हा स्वतः थेंबभरही घेत नाही, चोरट्या बारमध्ये बसून दूध मागवतो. पुढे प्रेम जातं, पैसा जातो, दारूबंदीही जाते, आणि एडी प्यायला लागतो, अगदी तळापर्यंत. विकणारा आणि पिणारा तिथे एकाच कोटात येतात. चर्चच्या पायऱ्यांवर कोसळतो तो हा एडी, कालपरवापर्यंत सकाळीच ग्लास भरणारा. जॉनीने त्या पायऱ्या पाठ केल्या. दुधाच्या पेल्याकडे त्याचं लक्ष गेलं नाही.