वंशजांनी रचलेले चरित्र आणि जिल्ह्याचा इतिहास : मेडोज टेलर व नळदुर्ग प्रांत

बंगाल-बिहारातील निळीचे कारखानदार, आसामातील चहाचे मळेवाले, कुर्ग व निलगिरीतील कॉफीचे बागाईतदार ह्यांच्या नातवा-पणतवांनी आपल्या पूर्वजांची चरित्रे जुळवून लिहिण्याची प्रथा इंग्लंडात आता चांगली रुळलेली आहे. तिची साधनेही ठरून गेली आहेत. लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयातील इंडिया ऑफिसच्या दप्तरात बाप्तिस्मा, विवाह व दफन ह्यांच्या नोंदवह्या आहेत, मृत्युपत्रे आहेत. आणि दक्षिण आशियातील युरोपीय दफनभूमींच्या जतनासाठी १९७६ साली स्थापन झालेल्या संस्थेने थडग्यांवरील लेखही छापून ठेवले आहेत. इतक्या सामग्रीवर पूर्वज कोणत्या वर्षी जहाजातून उतरला, कोणाशी विवाहबद्ध झाला, कोणत्या तापाने वारला व मागे किती मालमत्ता ठेवून गेला, हे बहुधा निश्चित सांगता येते. त्याच्या मळ्यावर राबणाऱ्यांची नावे मात्र ह्या साधनांत सहसा नसतात. निळीच्या जुलमाची दुसरी बाजू लोकांपुढे आली ती एखाद्या कारखानदाराच्या कुटुंबाकडून नव्हे, तर १८६० साली प्रसिद्ध झालेल्या दीनबंधु मित्र ह्यांच्या ‘नीलदर्पण’ नाटकामुळे, ही गोष्ट ह्या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगी आहे.

मराठी मुलुखात असा मळेवाला फारसा रुजला नाही. मुंबई इलाख्यात रयतवारी पद्धतीने जमिनीचा सरकारशी संबंध थेट खातेदारामार्फत जोडला गेला. निजामाच्या मराठवाड्यात जमीन रयत, वतनदार, जहागीरदार व पायगावाले ह्यांच्या हाती राहिली. निळीच्या कोठीवाल्याचे जे स्थान बंगालच्या खेड्यात होते, ते येथे काही अंशी सावकाराने व काही अंशी मुलकी अंमलदाराने घेतले. म्हणून सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरील नळदुर्ग-उमरगा टापूत ‘वसाहतवाल्या पूर्वजाच्या चरित्रा’चा नमुना शोधावयाचा झाल्यास तो मळेवाल्याचा मिळत नाही, मिळतो तो फिलिप मेडोज टेलर ह्या अंमलदाराचा. हा नमुना दुय्यम नव्हे. मळेवाल्यांच्या चरित्रांत जे गुणदोष विखुरलेले आढळतात, ते ह्या एका ग्रंथात एकत्र व ठळकपणे पाहावयास मिळतात.

टेलरचा आरंभही मळ्यावर किंवा कोठीवर उमेदवारीला येणाऱ्या मुलांसारखाच झाला. १८०८ साली लिव्हरपूल येथे जन्मलेला हा मुलगा १८२४ साली, सोळा वर्षेही पूर्ण झालेली नसताना, मुंबईच्या एका व्यापारी पेढीत पुढेमागे भागीदारी मिळेल ह्या आशेवर आला. पेढीची स्थिती सांगितल्यासारखी नव्हती. आप्ताच्या वशिल्याने त्याला निजामाच्या फौजेत जागा मिळाली. तो कंपनीचा नोकर कधीच नव्हता, निजामाचा होता. ह्या एका गोष्टीने त्याच्या बढतीला मर्यादा पडली आणि त्याच्या अनुभवाला खोली आली. १८४१ ते १८५३ तो शोरापूर (सुरपूर) संस्थानात होता. १८५३ च्या मे महिन्यातील तहाने निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गचा प्रांत इंग्रजांच्या ताब्यात दिला, तेव्हा नळदुर्गचा कारभार टेलरकडे आला आणि १८५७ च्या ऑगस्टात वऱ्हाडात बदली होईपर्यंत तो त्याच्याकडे राहिला. १८६० साली त्याने हिंदुस्थान सोडले. त्याच वर्षाच्या अखेरच्या तहाने नळदुर्ग निजामाला परत मिळाले. इंग्रजी अंमल येथे टिकला तो अवघी सात वर्षे. त्यांतील पहिली चार टेलरची.

त्याची आत्मकथा ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’ १८७७ साली, म्हणजे मृत्यूनंतर एका वर्षाने, ब्लॅकवुड ह्या प्रकाशनसंस्थेने काढली. संपादन कन्या अ‍ॅलिस हिचे, प्रस्तावना नातलग हेन्री रीव्ह ह्याची. पुढे १९२० साली हेन्री ब्रूसच्या टिपांसह तिची नवी आवृत्ती निघाली. ही प्रकाशनाची हकीकत केवळ सूचीकाराच्या उपयोगाची नाही. लेखक वृद्ध, दृष्टी अधू झालेला, आठवणी वीस-तीस वर्षांपूर्वीच्या, संपादिका कन्या, प्रस्तावनाकार आप्त. ग्रंथ वाचकापुढे येण्यापूर्वी तो घराच्या उंबरठ्याआड दोनदा तपासला गेला आहे. मराठवाड्याच्या इतिहासात मात्र ह्याच ग्रंथाचा आधार प्रत्यक्ष साक्षीदाराच्या जबानीप्रमाणे घेतला जातो. साक्षीदार तो आहेच. पण जबानी कोणी टिपून घेतली हे विचारल्याशिवाय ती पुराव्यात घेणे धोक्याचे आहे.

तुलनेचे साधन उपलब्ध नाही, असेही नाही. टेलरने हेन्री रीव्हला लिहिलेली पत्रे सर पॅट्रिक कॅडेल ह्यांनी १९४७ साली संपादून प्रसिद्ध केली. पत्रे त्या त्या वेळची, आत्मकथा मागाहूनची. नोकरीतील उपेक्षा, पैशाची ओढ, वरिष्ठांविषयीचा राग ह्या गोष्टी पत्रांत ओल्या असतात; आठवणीत त्या वाळून समंजस होतात. नळदुर्गविषयी लिहिणाऱ्याने दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचणे अगत्याचे आहे. बहुतेकांनी आत्मकथाच हाताशी ठेवली, कारण ती वाचावयास अधिक गोड आहे. ह्या गोडीची किंमत इतिहासाला द्यावी लागली आहे.

आत्मकथेचा प्रामाणिकपणा जेथे उत्तम दिसतो तो भाग शोरापूरचा. तेथील बालराजा व्यंकटप्पा नायक टेलरच्या देखरेखीखाली वाढला, त्याला ‘अप्पा’ म्हणून हाक मारू लागला. आणि १८५८ साली तोच राजा इंग्रजांविरुद्ध उठला, पकडला गेला, मृत्युदंडाऐवजी कैदेची शिक्षा झाल्यावर वाटेतच गोळी लागून मेला. स्वतःच्या हाताने, असे टेलरने लिहिले आहे. हा प्रसंग झाकता येण्यासारखा नव्हता आणि टेलरने तो झाकलाही नाही. परंतु ज्या राज्यकारभाराने मुलाला वाढविले त्यानेच त्याला बंडाच्या दाराशी आणून सोडले काय, हा प्रश्न आत्मकथा पुढे येऊ देत नाही. दुःख वात्सल्याचे राहते. राजकारणाचे होत नाही. वंशजांच्या चरित्रांचा हा खास धर्म आहे. त्यांत पूर्वज चुकतो तो मायेपोटी, कधीही अधिकारापोटी नव्हे.

ह्याहून विचार करावयास लावणारी बाब घरातील आहे. टेलरचा विवाह १८३२ साली हैदराबादच्या विल्यम पामर ह्या सावकाराच्या मुलीशी, मेरीशी झाला. हा सावकार जनरल विल्यम पामरचा मुलगा. जनरल पामर १७९८ ते १८०१ पुण्यात रेसिडेंट होता आणि नाना फडणिसांच्या निधनावर त्याने व्यक्त केलेला अभिप्राय मराठी इतिहासग्रंथांत वारंवार आढळतो. सावकाराची आई फैजबक्ष ही अयोध्येच्या दरबारी वातावरणातील मुसलमान बेगम. लखनौत १७८५-८६ च्या सुमारास काढलेले, काहीसे अपुरे राहिलेले पामर कुटुंबाचे चित्र ब्रिटिश ग्रंथालयाच्या संग्रहात आहे. चित्रकार कोण ह्याविषयी जाणकारांत एकमत नाही. परंतु इंग्रज अधिकारी, त्याची बेगम आणि मुले एकाच चौकटीत बसलेली त्यात स्पष्ट दिसतात. अ‍ॅलिस ही ह्या बेगमेच्या नातीची मुलगी. १८७७ च्या ग्रंथात पामरच्या आतिथ्यशील घराविषयी आदर आहे, पण ग्रंथाचा कणा सरकारी कामगिरीचा आहे. आजोळच्या रक्ताची कहाणी त्याचा विषय होत नाही. ती सविस्तर लोकांपुढे येण्यास विल्यम डॅलरिंपल ह्यांच्या २००२ मधील ‘व्हाइट मुघल्स’पर्यंत वाट पाहावी लागली.

येथे केवळ कौटुंबिक कुतूहलाचा प्रश्न नाही. पामरच्या पेढीने निजामाच्या सरकारला, मुख्यतः दिवाण चंदूलालच्या कारकिर्दीत, प्रचंड कर्जे दिली. १८२० चे साठ लाखांचे कर्ज पुढे विशेष गाजले. रेसिडेंट मेटकाफने ह्या व्यवहाराविरुद्ध मोहीम उघडली, उत्तर सरकारांच्या पेशकशीवरील हक्क सोडून निजामाने १८२३ च्या सुमारास पेढीचे देणे भागविले आणि लौकरच पेढी बुडाली. विल्यमचा सावत्रभाऊ जॉन पामर कलकत्त्याच्या अडत पेढीचा धनी. त्याच्यासारख्या पेढ्यांच्याच पैशावर बंगालची निळीची लागवड चालत असे, आणि १८३० च्या जानेवारीत तीही पेढी कोसळली. मळेवाल्याचा शोध घेत निघालेला अभ्यासक अशा रीतीने फिरून त्याच कुटुंबाच्या अंगणात येऊन पोहोचतो. १८५३ चे कर्ज पामरांचे नव्हते, ते कंटिंजंट फौजेच्या पगाराच्या थकबाकीचे होते, हे खरे. तरीही निजामाच्या खजिन्याला कर्जाची जी सवय लागली तिच्यात सासऱ्याच्या पेढीचा वाटा होता, आणि त्या सवयीच्या शेवटी गहाण पडल्यासारख्या प्रांताची व्यवस्था जावयाच्या हाती आली. आत्मकथेत नळदुर्गची बेफाम शेतसारावसुली व सावकारी ह्यांचे वर्णन येते ते आयत्या अव्यवस्थेसारखे. ती अव्यवस्था कोणी घडविली, ह्याचा एक धागा लेखकाच्याच घरात होता, हे वाचकाला बाहेरून शोधावे लागते.

चरित्र जेथे थांबते तेथे टेलरच्या कादंबऱ्या बोलतात. १८६३ ची ‘तारा’ ही तुळजापूरच्या व्यास शास्त्र्याच्या बालविधवा मुलीची कथा. पार्श्वभूमी शिवकालाची, आणि तारेचे मन जडते ते अफझलखानाचा मुलगा फाजल ह्याच्यावर. मराठी वाचकाला ही जुळणी आजही रुचणार नाही, आणि इतिहास म्हणून तिला किंमत नाही. पण तुळजापूरच्या देवळाभोवतीच्या जीवनाची लेखकाला असलेली ओळख वरवरची नाही. १८७२ च्या ‘सीता’त तर इंग्रज अंमलदार एका हिंदू विधवेशी विवाह करतो, इंग्रज समाजात त्याविषयी कुजबुज होते, शेवटी सीता पतीचे प्राण वाचविताना मरते आणि नायकाला इंग्रज पत्नी मिळते. ह्या शेवटावर समीक्षकांनी भीरुतेचा ठपका ठेवावा हे न्याय्यच आहे. तथापि फैजबक्षेच्या नातजावयाने तो लिहिला आहे, हे ध्यानात घेता तो भीरुतेपेक्षा कबुलीकडे अधिक झुकतो. जे कन्येच्या संपादनातून सुटले असते ते कादंबरीच्या आडून आधीच निघून गेले होते. टेलरचे चरित्र लिहू पाहणाऱ्याने ‘सीता’ ही ललित कृती म्हणून बाजूला ठेवणे म्हणजे साधनांतील एक कपाट न उघडताच परत येणे होय.

उरतो तो नळदुर्गच्या रयतेचा प्रश्न. लोक आपल्यावर प्रेम करीत होते हा आत्मकथेचा दावा सरसकट खोटा ठरविण्याचे कारण नाही. आधीच्या कमाविसदारांच्या व मक्तेदारांच्या अनुभवानंतर ऐकून घेणारा अंमलदार आवडावा, हे स्वाभाविक आहे. पण दावा करणाराच साक्षीदार असल्यामुळे तो अन्य पुराव्याने तोलणे भाग आहे, आणि तो पुरावा चार ठिकाणी विखुरलेला आहे. रेसिडेन्सीचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात व लंडनला. निजामाच्या कारभाराचे फारसी व उर्दू दप्तर हैदराबादच्या अभिलेखागारात. आणि गावपातळीवरचे पाटील-कुलकर्ण्यांचे कागद मोडीत, वाड्यांच्या माडीवर बांधलेल्या रुमालांत. उमरग्याच्या टापूत अडचण आणखी एक आहे. गुंजोटीसारखी गावे पायग्याच्या अंमलात होती. १९४९ मध्ये जहागिरी संपुष्टात आल्या तेव्हा त्यांच्या कचेऱ्यांचे कागद सरळ तहसिलीत आले असे गृहीत धरता येत नाही. शिवाय ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाने उमरगा व औसा तालुक्यांतील दगडमातीची घरे जमीनदोस्त केली. सास्तूर व किल्लारीच्या परिसरात मृतांचा आकडा हजारांत गेला, तेव्हा भिंतींबरोबर काय काय गाडले गेले ह्याची मोजदाद करण्याची ती वेळ नव्हती. पण रुमाल ज्या माड्यांवर असत, त्याच माड्या आधी कोसळल्या.

म्हणून ह्या टापूत आज हाती घ्यावयाचे काम टेलरचे आणखी एक चरित्र लिहिण्याचे नाही. १८५३ ते १८६० ह्या सात वर्षांचे जे मोडी कागद नळदुर्ग, मुरूम, आळंद, उमरगा ह्या मार्गावरील गावांत अद्याप शिल्लक असतील त्यांची यादी करणे, वसुलीचे तपशील आत्मकथेतील विधानांशी ताडून पाहणे आणि अर्ज-तक्रारी वेगळ्या काढणे, हे काम अगोदरचे. टेलर किल्ल्यात राहून, बोरी नदीवरील आदिलशाही बंधाऱ्याजवळ बसून प्रांताची मोजणी व वसुली लावीत होता, तेव्हा गावचा कुलकर्णीही आपल्या बंदात तीच वसुली उतरवीत होता. एकाची वही कन्येने छापली. दुसऱ्याची वही अंमल बदलला तरी बंद पडली नाही. १८५३ च्या आधी ती ज्या हाताने लिहिली जात होती त्याच हाताने, किंवा त्याच्या मुलाच्या हाताने, १८६० नंतरही लिहिली गेली असणार.